वेगवान गोलंदाज मुलांची कंबरदुखी: दुर्लक्ष नको

मुंबईचे रमाकांत देसाई उंचीने कमी, पण गोलंदाजीत वेगवान. १९५९ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच कसोटीत, वयाच्या १९व्या वर्षी, त्यांनी एका डावात ४९ षटके टाकली. २८ कसोटींत ७४ बळी घेऊन १९६८ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी, ते शेवटची कसोटी खेळले.

आज अकोला-अमरावतीच्या मैदानांवर मुले सकाळी शाळेसाठी, संध्याकाळी क्लबसाठी गोलंदाजी करतात. चेंडू टाकताना कंबर मागे वाकते, बाजूला झुकते आणि वळते. वाढत्या वयात हा ताण वारंवार पडल्यास मणक्याच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. सुरुवातीला तो एक्स-रेत दिसेलच असे नाही. एमआरआय लागू शकतो.

पालकांनी काय करावे?

- सरावासह आठवड्याचे चेंडू मोजा. मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवा.
- मागे वाकताना कंबर दुखत असेल, तर गोलंदाजी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.
- वेदनाशामक गोळी देऊन खेळवू नका.
- पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवीवर ताबा राहिला नाही, तर तातडीने रुग्णालयात न्या.

वेळीच निदान झाले आणि काही महिने विश्रांती मिळाली, तर बहुतेक मुले पुन्हा खेळू शकतात.