उलटणारी म्हैस गाभण राहिली. शेवटचे दोन महिने सांभाळा

तीन-चार रेतनं वाया जाऊन, औषधोपचार करून म्हैस गाभण राहिली की आपण निर्धास्त होतो. पण खरी राखण पुढंच आहे. रेतनाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहा. म्हैस साधारण ३१० दिवसांनी विते. त्याआधी ६० दिवस ती आटवा. लिटरभर दुधाचा मोह नडतो, कारण पोटातलं रेडकू याच काळात झपाट्यानं वाढतं. खुराक हळूहळू वाढवा. बसल्यावर अंग बाहेर दिसलं तर मागची बाजू उंच राहील असं बांधा आणि पशुवैद्यकाला बोलवा. पाणमोट फुटून दोन तासांत रेडकू आलं नाही, तर घरी ओढाताण करू नका. १२ तासांत वार पडली नाही, तरी तिला वजन बांधू नका, दवाखाना गाठा. एवढी वाट पाहिलेलं रेडकू शेवटच्या रात्री हातचं जाऊ देऊ नका.