ट्रॅक सूटचा ‘सेट’ घेताय? आधी कापड बघा, मग रंग. कडबाकुट्टीजवळ टोपीची नाडी नकोच

कोल्हापूर : दिवाळी सरली, ऊसतोडी सुरू झाल्या आणि पहाटेचा गारठा वाढला की आठवडी बाजारात स्वेटशर्टचे ढीग लागतात. आता त्यात वरचा स्वेटशर्ट आणि त्याच कापडाची, त्याच रंगाची पँट असा जोडीचा ‘सेट’ही दिसू लागलाय. भरतीची तयारी करणारी पोरं, कॉलेजच्या मुली, संस्थेत दूध घालायला जाणारे, सगळ्यांनाच तो सोयीचा वाटतो. पण मोबाईलवर फोटो बघून मागवलेला सेट दोन धुण्यांत गोळे धरतो, गुडघ्यावर फुगतो आणि पैसे वाया जातात. म्हणून घेण्याआधी चार गोष्टी बघितलेल्या बऱ्या.

हे कापड इचलकरंजीच्या मागावरचं नव्हे

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. मागावरचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं असतं, ते ताणलं जात नाही. स्वेट सेटचं कापड होजिअरी पद्धतीचं, म्हणजे एकात एक अडकवलेल्या फासांचं असतं. त्यामुळे ते ताणतं आणि पुन्हा जागेवर येतं. असा माल मुख्यतः तमिळनाडूतल्या तिरुपूर आणि पंजाबातल्या लुधियानातून येतो. मूळचा हा खेळाडूंचा पोशाख. सरावाच्या आधी आणि नंतर अंग गरम ठेवायला ते तो घालत. २०२० च्या लॉकडाऊननंतर तो घरात आणि बाजारातही रोजचा झाला.

तालुका बघून जाडी ठरवा

ऑनलाइन माहितीत ‘जीएसएम’ असा आकडा असतो. एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, ते त्यातून कळतं. साधारण हिशोब असा :

- १८० ते २२० : पातळ. टी-शर्टासारखं, दुपारीही चालतं.
- २४० ते २८० : मध्यम. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल भागात रोजच्या वापराला पुरेसं.
- ३०० च्या वर : जाड. गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगडच्या पहाटेला उपयोगी, पण वाळायला वेळ लागतो आणि दुपारी नकोसं होतं.

आतली बाजू उलटून बघा. बारीक फासे दिसले तर ते लूपनिट. घाम शोषतं, बारा महिने चालतं. कापसासारखी मऊ लव असली तर ते फ्लीस. उबदार, पण थंडीपुरतंच. एकच सेट घ्यायचा असेल तर मध्यम जाडीचं लूपनिट बरं.

सुती की पॉलिस्टर?

लेबल वाचा. निव्वळ सुती कापड अंगाला बरं, पण आटतं. निव्वळ पॉलिस्टर स्वस्त पडतं आणि लवकर वाळतं, पण घामाचा वास धरून ठेवतं. रोजच्या वापराला सुताचं प्रमाण जास्त असलेलं मिश्र कापड ठीक. शंका असेल तर कापडाचाच एक सुटा धागा चिमट्यात धरून पेटवून बघा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

माप घेताना खाली बसा

आरशासमोर उभं राहून सगळंच चांगलं दिसतं. पँट घालून मांडी घाला, उकिडवं बसा. बैठकीत ओढ बसली किंवा कंबर खाली सरकली तर एक माप मोठं घ्या. कापड सुती असेल तर आटण्याचा हिशोब धरा. मनगटाची आणि घोट्याची पट्टी ताणून सोडा. लगेच जागेवर आली नाही तर ती महिन्याभरात सैल पडणार. खिशाला चेन असलेली बरी, सायकलवर-गाडीवर मोबाईल पडत नाही.

एक सेट, तीन पोशाख

सेट घेताना वरचा आणि खालचा कपडा वेगवेगळाही वापरता येईल असा रंग निवडा. राखाडी, नेव्ही निळा, मेहंदी हे रंग कशावरही जातात आणि लाल मातीचा डागही पटकन उठून दिसत नाही. पूर्ण सेट प्रवासाला, वरचा स्वेटशर्ट जीन्सवर, पँट साध्या टी-शर्टवर. असा तो तीन कामांना येतो. मुलींना स्वेटशर्ट लांब कुर्त्यावरही घालता येतो. छातीभर मोठी अक्षरं असलेला सेट मात्र एकाच जोडीत अडकतो. बँकेत, तालुक्याच्या कचेरीत जायचं तर प्लेन सेट आणि स्वच्छ बूट एवढं पुरे.

पहाटे रस्त्यावर धावणाऱ्यांनी मात्र पूर्ण काळा सेट टाळावा. हंगामात उसाचे ट्रॅक्टर अंधारातच धावत असतात आणि काळ्या कपड्यातला माणूस चालकाला शेवटच्या क्षणी दिसतो. वरचा कपडा पांढरा, पिवळा किंवा चमकणारी पट्टी असलेला हवा.

इथं सेट नकोच

- कडबाकुट्टी, मळणी यंत्र, मोटरीचा पट्टा : टोपीची लोंबती नाडी किंवा सैल बाही यंत्रात ओढली गेली तर हात जाऊ शकतो. नाडी काढून टाका, बाही वर सारा किंवा सेट बदलूनच कामाला लागा.
- चूल, गुऱ्हाळाचं चुलवाण, शेकोटी : पॉलिस्टर पेटलं की वितळून कातडीला चिकटतं, भाजणं खोल होतं. तिथं जाड सुती कपडाच बरा.
- दुचाकी : टोपी डोक्यावर ओढली की बाजूचं दिसत नाही. टोपी मागे सोडा, हेल्मेट घाला.

धुणं आणि बिल

सेट उलटा करून गार पाण्यात धुवा. दोन्ही कपडे एकाच वेळी धुवा, नाहीतर एकाचा रंग आधी उतरतो आणि जोडी विजोड दिसते. कडक उन्हाऐवजी सावलीत वाळवा. ओला स्वेटशर्ट खांद्याने टांगू नका, लांबतो. तारेवर मधोमध घाला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे. आधी हजारावरच्या कपड्याला १२ टक्के होता. म्हणून बिल मागा आणि कराचा आकडा बघा. ऑनलाइन मागवताना परतीची मुदत वाचा, पाकीट उघडताना व्हिडिओ काढा आणि मुदत संपेपर्यंत टॅग तोडू नका. माल वेगळा आला आणि विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.