दाखविण्याचा रुपया व मोजण्याचा रुपया

आमच्या एका विद्यार्थ्यानें वसतिगृहाच्या खानावळीचा हिशेब करणारी आज्ञावली रचिली. एक हजार रुपयांचा खर्च सात मुलांत वांटावयाचा होता. पडद्यावर प्रत्येकाच्या नांवापुढें १४२.८६ व खालीं बेरीज १०००.०० दिसूं लागली. एका लहान मुलानें कागदावर बेरीज केली, ती १०००.०२ भरली. "यंत्र चुकलें," असें रचणारा म्हणाला. पण यंत्र चुकलें नव्हतें. त्याच्या पोटांत १४२.८५७१४२ असा लांबत जाणारा आंकडा होता. दोनच दशांशस्थळें दाखीव, एवढेंच त्यास सांगितलें होतें.

सातांचें हें दुखणें नांदेड-लातुराकडील वाडवडिलांस परकें नव्हतें. निजामी अमलांत येथें हाली शिक्का चालत असे. सन १९५० मध्यें भारतीय रुपया आला, तेव्हां सात हालीस सहा कलदार हा दर होता. म्हणजे एका हाली रुपयाचे तेरा आणे आठ पै, आणि वर पैचे चार सप्तमांश! आजच्या रीतीनें ०.८६ धरून कोणी सात हजार हालीस गुणिलें, तर ६,००० ऐवजीं ६,०२० येतील. वीस रुपये ही कांहीं लहान रक्कम नव्हे. आधीं गुणून शेवटीं स्थळें तोडिलीं असतां ही चूक होत नाहीं.

पुढें १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणा सव्वासहा पैशांचा; म्हणून एका आण्याचे ६, पण चारांचे २५ धरीत. चार वेळां एकेक आणा देणाराचे चोवीसच होत.

संगणकांत आणखी एक खोंच आहे. एक सप्तमांश जसा दशांशांत पुरा उतरत नाहीं, तसा ०.१ हा द्विमान पद्धतींत उतरत नाहीं. म्हणून जावास्क्रिप्ट भाषेंत १.००५ या संख्येस टूफिक्स्ड क्रियेनें दोन स्थळें मागितलीं, तर १.०१ न येतां १.०० येतात, कारण आंत सांठविलेली संख्या किंचित् कमीच असते. शिवाय ही क्रिया संख्या देत नाहीं, अक्षरें देते. अशा दोन उत्तरांची बेरीज केली असतां तीं एकापुढें एक चिकटतात.

आम्हीं त्या विद्यार्थ्यास रुपये सोडून पैसे मोजावयास लाविलें. एक लाख पैसे, भागिले सात: प्रत्येकीं १४,२८५ व बाकी ५. पांच मुलांवर एकेक पैसा अधिक, दोघांवर नाहीं. बेरीज बरोबर एक लाख. शंभरानें भागून दोन स्थळें दाखविणें हें केवळ छापतांना. ते दोघे कोण, हें मात्र यंत्रास सांगावें लागतें. मुलांनीं त्याची दरमहा पाळी लावून घेतली आहे.