केशराच्या डबींतील कुसुंभ

घरांत सून गर्भवती असली, कीं केशर आणावयाचें व तिच्या दुधांत चार काड्या घालावयाच्या, ही चाल गिरगांव-दादरकडील आपल्या घरांतून अद्याप चालूच आहे. परंतु स्वस्त मिळालें म्हणून आणलेलें हें केशर कित्येकदां केशर नसतेंच. त्या असतात करडईच्या वाळलेल्या पाकळ्या. ही भेसळ फार जुनी आहे.

करडई म्हणजे संस्कृतांतील कुसुंभ. दुसऱ्याचें सोंग घेऊन मिरवावें इतकें हें फूल हलकें मुळींच नाहीं. ऋतुसंहारांत वसंताच्या वर्णनांत स्त्रियांचीं वस्त्रें कुसुंभानें रंगविलेलीं आहेत. ह्या पाकळ्यांत रंग दोन. पिवळा पाण्यांत सुटतो. तो धुऊन टाकावयाचा. तांबडा साध्या पाण्याला दाद देत नाहीं. तो खाराच्या पाण्यांत उतरवून त्यांत लिंबू पिळलें, म्हणजे कापडावर खुलून बसतो. मात्र उन्हानें व धुण्यानें तो लौकर विटतो. साहित्यदर्पणकार विश्वनाथानें, जें शोभतें पण टिकत नाहीं त्या प्रेमाला कुसुंभराग म्हटलें, व जें शोभतें आणि टिकतेंहि त्याला मंजिष्ठाराग. रंगाऱ्याच्या अनुभवावांचून ही उपमा सुचली नसती, असें आम्हांस वाटतें. १८५६ सालीं पर्किननें कृत्रिम रंगांची वाट दाखविली, आणि पुढें कुसुंभाचा रंगधंदा बसला.

फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बिनकाट्यांची करडई तयार केल्यामुळें फुलें वेंचणें आतां सोपें झालें आहे. ह्या पाकळ्या भाताला पिवळा रंग देतात. केशराचा सुगंध मात्र त्यांच्याकडे मागूं नये. चिनी वैद्यकांत त्या रक्त वाहतें करण्यास व अडलेली पाळी आणण्यास देतात, आणि म्हणूनच गर्भवतीस वर्ज्य मानितात. आतां तो दुधाचा पेला पुन्हां डोळ्यांसमोर आणावा! रक्त पातळ ठेवण्याचें औषध चालूं असलेल्या आमच्यासारख्या वृद्धांनींहि ह्यांचा काढा डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये.

परीक्षा सोपी आहे. दोन-चार काड्या कोमट पाण्यांत टाकाव्या. केशराची काडी एका टोंकाला तुतारीसारखी रुंद होते, रंग सावकाश सोडते व स्वतः तांबडीच राहते. करडईची पाकळी भिजली, कीं टोंकाशीं पांच ठिकाणीं चिरलेली बारीक नळी दिसते. पाणी लगेच पिवळें होतें, आणि केशराचा वास येत नाहीं. अशी डबी दुकानदारास परत करावी. भाताला रंग हवाच असेल, तर करडईच्या पाकळ्या त्याच नांवानें मागून घ्याव्या, आणि बाटलीवर चिठी डकवून केशराच्या डबीपासून दूर ठेवाव्या.