भूल देण्याआधीचे दोन शब्द

पेशंटच्या बोटाला चिमटा लावला की माझे कान त्या टिकटिकीकडे लागतात. रक्तातला ऑक्सिजन घसरला की पल्स ऑक्सिमीटरचा सूर खाली उतरतो. स्क्रीनकडे बघायच्या आधीच मला कळतं.

पण यंत्राइतकाच माझा बोलण्यावर भरवसा आहे. नाव काय, ऑपरेशन कुठल्या बाजूचं, अ‍ॅलर्जी कशाची, हे आम्ही मोठ्याने विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेची ही १९ मुद्द्यांची यादी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरली गेली. २००९ मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर उतरलं होतं. नवं औषध एकही नव्हतं!

भुलीत पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून सकाळी घोटभर दुधाचा चहा घेतला असला, तरी लपवू नका. ऑपरेशन पुढे ढकलता येतं.