उणे पावणेतीनचा हिशेब

गेल्या महिन्यात सातवीत शिकणारी माझी नात चाचणीचा पेपर घेऊन गादीवर आली आणि काही न बोलता तो माझ्यापुढे ठेवून बसली. गणिताच्या पेपरात एका उदाहरणावर लाल फुली होती. उदाहरण साधे होते : (−२ ३/४) + १ १/२. तिचे उत्तर होते १/४. "आजोबा, मी प्रत्येक पायरी तपासली. चूक कुठे आहे तेच सापडत नाही. मला गणित येतच नाही," असे म्हणताना तिचा आवाज दाटून आला होता.

मी तिची वही पाहिली. पायऱ्या नीटनेटक्या होत्या. तिने आधी −२ मध्ये ३/४ मिळवले, त्याचे −१ १/४ झाले. मग त्यात १ १/२ मिळवून १/४ हे उत्तर काढले. बेरीज-वजाबाकी कुठेही चुकली नव्हती. चूक पहिल्या ओळीच्याही आधी, संख्या वाचताना झाली होती. इंग्रजी माध्यमात ती संख्या 'मायनस टू अँड थ्री बाय फोर' अशी वाचली जाते. तिने 'मायनस' दोनला लावले आणि 'अँड' म्हणताच पाऊण भाग अधिक धरला.

मी तिला एवढेच विचारले, "समज, आपल्या दुकानाचे कोणाला पावणेतीन हजार देणे आहे आणि त्यांपैकी दीड हजार आपण चुकते केले. आता काय उरले?"

"सव्वा हजार देणे," ती क्षणात म्हणाली.

"आणि तुझ्या पेपराप्रमाणे?"

तिने पेपराकडे पाहिले. तिच्या उत्तराप्रमाणे देणे फिटून उलट अडीचशे रुपये आपलेच येणे निघत होते. ती हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण नेमकी हीच चूक मी एकदा केली होती आणि तिची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली होती.

ही गोष्ट पंचेचाळीस वर्षांपूर्वीची आहे. मी नुकताच पेढीवर बसू लागलो होतो. दिवाळी तोंडावर आली होती, जुन्या वह्या मिटवून नव्या वह्यांचे पूजन व्हायचे होते. आदल्या रात्री रोजमेळ लावला, तेव्हा वहीतील शिल्लक आणि गल्ल्यातील रोकड यांत दीड हजार रुपयांचा फरक आला. गल्ल्यात दीड हजार कमी होते. त्या काळी ती रक्कम लहान नव्हती. दिवसभर गल्ल्याजवळ माझ्याशिवाय एकच माणूस वावरला होता. तो आमच्याकडे कामाला असलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. मी त्याला बोलावले, खिसे उलटे करायला लावले आणि चार माणसांसमक्ष नको ते शब्द बोललो. तो रडला नाही. "भाऊ, मी घेतले नाहीत," एवढेच म्हणाला आणि निघून गेला.

आमचे वृद्ध मुनीमजी हे सारे ऐकत होते. मुलगा गेल्यावर ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, फरकाचे निम्मे करा आणि ती रक्कम वहीत शोधा."

दीड हजाराचे निम्मे साडेसातशे. मुनीमजींनी दिव्याखाली वही ओढली आणि दहा मिनिटांत नोंद काढून दाखवली. त्या दिवशी एका अडत्याचे पावणेतीन हजार रुपये दोन हप्त्यांत चुकते केले होते. सकाळी दोन हजार आणि दुपारी साडेसातशे. दोन हजार मी नावे बाजूला लिहिले होते. दुपारी गर्दीच्या वेळी साडेसातशे मात्र जमा बाजूला लिहिले गेले होते. अक्षर माझेच होते. गेलेले साडेसातशे वहीने आलेले धरले होते, म्हणून फरक साडेसातशेचा न राहता त्याच्या दुपटीचा, दीड हजारांचा झाला होता.

वडिलांनी मला त्याच रात्री त्या मुलाच्या घरी पाठवले. दार त्याच्या आईने उघडले. मी हात जोडून क्षमा मागितली. तो दुसऱ्या दिवशी कामावर आला आणि पुढे अनेक वर्षे आमच्याकडे होता. पण वहीपूजनाच्या दिवशी तो गल्ल्यापासून चार हात दूर उभा राहत असे. दरवर्षी क्षमापनेच्या दिवशी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना मला आधी तोच आठवतो.

नातीच्या उदाहरणात आणि माझ्या त्या नोंदीत तिळमात्र फरक नाही. पावणेतीन हजार गेले, म्हणजे दोन हजारही गेले आणि साडेसातशेही गेले. संपूर्ण रकमेला लागलेले ऋणचिन्ह तिच्या प्रत्येक भागाला लागते. −२ ३/४ म्हणजे −२ आणि −३/४ यांची बेरीज. अपूर्णांकापुढे वेगळे चिन्ह दिसत नाही, म्हणून तो धन होत नाही.

वाचकांना जाणून आनंद वाटेल की या विषयाचा पद्धतशीर विचार आपल्याच परंपरेतील एका आचार्यांनी सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला. अमोघवर्षांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. आजच्या महाराष्ट्राचा मोठा प्रदेश तेव्हा याच राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता. एम. रंगाचार्य यांनी संपादित केलेली या ग्रंथाची आवृत्ती इंग्रजी भाषांतरासह १९१२ मध्ये मद्रास येथून निघाली. पुढे १९६३ मध्ये लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रसिद्ध केला. आपल्यापैकी काही घरांच्या किंवा मंदिरांच्या ग्रंथसंग्रहात ही प्रत अजूनही असेल.

या ग्रंथात अपूर्णांकांना स्वतंत्र प्रकरण दिले असून त्याचे नाव 'कलासवर्ण' आहे. कला म्हणजे अंश, भाग. सवर्ण म्हणजे एकाच जातीचे. निरनिराळ्या छेदांचे अंश एका जातीत आणल्याशिवाय त्यांची बेरीज होत नाही, हे या नावातच सांगितले आहे. छेद समान करण्यासाठी सर्व छेदांचा नुसता गुणाकार करण्याऐवजी त्यांचा लघुतम साधारण विभाज्य घ्यावा, असा नियम महावीराचार्यांनी दिला. त्याला त्यांचा शब्द आहे 'निरुद्ध'. आज शाळेत ज्याला लसावि म्हणतात, तोच हा.

आचार्यांनी अपूर्णांकांच्या सहा जाती सांगितल्या आहेत. त्यांपैकी दोन आपल्या विषयाच्या अगदी जवळच्या आहेत. पूर्ण संख्येला अंश जोडलेला असेल तर तो 'भागानुबंध'. पूर्ण संख्येतून अंश काढलेला असेल तर तो 'भागापवाह'. हे शब्द कठीण वाटले, तरी त्यांचा अर्थ आपण रोज बोलतो. 'सव्वादोन' म्हणजे दोन अधिक पाव, हा भागानुबंध. 'पावणेतीन' म्हणजे तीनला पाव कमी, हा भागापवाह. आपल्या जुन्या वह्यांत २।, २॥, २॥। अशा उभ्या रेघांनी सव्वादोन, अडीच आणि पावणेतीन लिहीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे मुलांच्या तोंडी असत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि पुढे वजनेही बदलली, तेव्हा या पाढ्यांचे काम कमी झाले. त्याबरोबर अपूर्ण संख्या एका शब्दात, एकजीव रकमेसारखी उच्चारण्याची सवयही घराघरांतून कमी होत गेली. 'उणे पावणेतीन' असे म्हणणारा माणूस पाऊण भाग चुकूनही अधिक धरणार नाही.

धन आणि ऋण यांच्या बेरजेचे नियम ब्रह्मगुप्तांनी इसवी सन ६२८ मध्ये सांगितले होते आणि महावीराचार्यांनीही ते आपल्या ग्रंथाच्या आरंभीच्या भागात दिले आहेत. दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची बेरीज ऋण. एक धन व एक ऋण असेल तर त्यांचा फरक घ्यावा आणि मोठ्या रकमेचे चिन्ह द्यावे. 'ऋण' हा शब्दच कर्जाचा आहे, त्यामुळे व्यापाऱ्याला हे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. दोन देणी मिळून मोठे देणे होते. देणे आणि येणे समोरासमोर आले की जे जास्त असेल तेच उरते.

आता नातीचे उदाहरण या रीतीने सोडवू. प्रथम चिन्ह बाजूला ठेवून मिश्र संख्येचा एक अपूर्णांक करावा. दोन गुणिले चार आठ, अधिक तीन, म्हणून ११/४. मग पूर्ण अपूर्णांकाला चिन्ह लावावे : −११/४. दुसरी संख्या १ १/२ म्हणजे ३/२. निरुद्ध ४ आहे, म्हणून ती ६/४. अकरा देणे, सहा येणे, उरले पाच देणे : −५/४, म्हणजेच −१ १/४. सव्वा देणे.

हेच दुसऱ्या रीतीनेही येते. पूर्ण भाग वेगळे आणि अंश वेगळे करावेत, मात्र चिन्ह दोघांनाही द्यावे : −२ अधिक १ म्हणजे −१; −३/४ अधिक १/२ म्हणजे −१/४; एकूण −१ १/४. कधी पूर्ण भाग आणि अंश यांची चिन्हे वेगवेगळी येतात. ५ १/४ + (−२ ३/४) यात पूर्ण भाग ५ − २ = ३ आणि अंश १/४ − ३/४ = −१/२. तीनमधून अर्धा काढला की अडीच. इथे मधली पायरी भागापवाहाची आहे, एवढे ओळखले की गोंधळ होत नाही.

निरुद्धाचा खरा उपयोग छेद मोठे झाल्यावर दिसतो. (−३ १/६) + १ ४/९ हे उदाहरण घ्या. छेदांचा गुणाकार ५४ होतो, पण सहा आणि नऊ यांचा निरुद्ध १८ आहे. −१९/६ चे −५७/१८ झाले आणि १३/९ चे २६/१८. बेरीज −३१/१८, म्हणजे −१ १३/१८. ५४ छेद घेतला असता तरी उत्तर तेच आले असते. फक्त आकडे तिप्पट वाढले असते आणि शेवटी संक्षेप करावा लागला असता.

एक अपवाद मात्र ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. लॉगॅरिदमच्या कोष्टकांत ०.०२ चा लॉग लिहिताना दोनच्या डोक्यावर आडवी रेघ देत आणि पुढे .३०१० लिहीत. तिथे फक्त दोन ऋण आणि अपूर्ण भाग धन असे, म्हणून त्याची खरी किंमत −१.६९९० येई. पण त्यासाठीच ती रेघ संख्येच्या आधी न देता एकट्या दोनच्या डोक्यावर देत. संख्येच्या आधी दिलेले चिन्ह सगळ्या संख्येचे असते.

हे सगळे सांगून झाल्यावर मी नातीला मुनीमजींची युक्ती सांगितली. "तुझे उत्तर आणि बरोबर उत्तर यांतला फरक काढ, आणि त्याचे निम्मे कर." तिने १/४ मधून −१ १/४ वजा केले, फरक दीड आला. दीडचे निम्मे पाऊण. तिने क्षणभर कागदाकडे पाहिले आणि ३/४ वर बोट ठेवले. "आजोबा, हाच चुकीच्या बाजूला गेला होता!"

फरक नेहमी असा दुपटीचा का येतो, हेही तिने स्वतःच सांगितले. रक्कम एका बाजूने काढून घ्यायची राहिली, म्हणून एकदा. आणि विरुद्ध बाजूला मिळवली गेली, म्हणून दुसऱ्यांदा. आज संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या पेढ्यांतही हा नियम तितकाच लागू आहे. फरकाची रक्कम दोनने भागून ती वहीत शोधण्यास दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे मी त्या रात्री दिली नव्हती.

यंदा वहीपूजनाला आमची नात माझ्याशेजारी बसणार आहे. आपल्या घरातील मुलांनाही त्या दिवशी जरा वेळ वहीजवळ बसवावे. जमा कुठे, नावे कुठे, पावणेतीन कसे लिहितात ते दाखवावे. आणि कधी मेळ लागला नाही, तर माणसाकडे पाहण्याआधी आपली नोंद पुन्हा एकदा वाचायची, हेही त्यांना त्याच वेळी सांगावे.