वारा खाऊन चालणारे प्राणी

नेदरलँड्समध्ये स्खेव्हेनिंगन नावाचा समुद्रकिनारा आहे. तिथल्या वाळूवरून कधी कधी एक अजब सांगाडा चालत येतो. बसएवढा लांब, पिवळ्या हाडांचा, पाठीवर शिडं, आणि खाली पायच पाय! टपाटप, टपाटप पावलं टाकत तो पुढं पुढं येतो. घाबरू नका, चावणार नाही. मोटर नाही, बॅटरी नाही, पेट्रोल तर नाहीच. मग हा गडी चालतो कसा?

वाऱ्यावर! आणि त्याला बनवणारा माणूस म्हणजे थिओ यान्सन. जन्म 1948, याच किनाऱ्यावरच्या गावातला. डेल्फ्टला पदार्थविज्ञान शिकत होता, पण ते अर्धवट सोडून चित्रं काढायला लागला. खोडकर किती, तर 1980 मध्ये त्यानं हेलियम भरलेली मोठी काळी तबकडी डेल्फ्ट शहरावरून उडवली. परग्रहावरचं यान आलं म्हणून लोकांची ही धावपळ!

1990 पासून मात्र तो या सांगाड्यांच्या मागे लागला. एक वर्ष देऊन बघू म्हणाला होता. ते वर्ष अजून संपलेलं नाही!

हाडं कसली, तर घरातल्या विजेच्या तारा ज्यातून नेतात ना, त्या प्लॅस्टिकच्या नळ्या. तिकडे त्या पिवळ्या असतात आणि स्वस्त मिळतात. पहिला प्राणी त्यानं चिकटपट्टीनं जोडला. बिचाऱ्याला उभंच राहता येईना. पाठीवर पडून नुसते पाय हलवायचा.

खरी गंमत पायांतच आहे. तुम्ही म्हणाल, एवढी खटपट कशाला, चाकं लावायची की! पण मऊ वाळूत चाक रुततं. पाय उचलून पुढं ठेवता येतो. मात्र पाय नुसता गोल फिरला, तर अंग सारखं वरखाली हिंदकळणार. म्हणून पाऊल जमिनीवर असताना सरळ रेषेत मागं सरकायला हवं, मग चटकन उचलून पुढं यायला हवं. आणि हे सगळं एका गोल फिरणाऱ्या दांड्यानं घडवायचं!

ते ठरतं पायातल्या नळ्यांच्या लांबीवर. एका पायासाठी अशी 11 मापं जमायला हवीत. थिओनं काँप्युटरला 1500 पाय बनवायला सांगितले, मापं वाट्टेल ती. त्यांतले चांगले चालणारे 100 ठेवले, बाकीचे बाद. त्या 100 जणांची मापं एकमेकांत मिसळून नवे पाय केले. पुन्हा निवड, पुन्हा मिसळ. महिनोन्‌महिने काँप्युटर रात्रंदिवस चालू! निसर्गही असंच करतो: जे टिकतं, त्याची पुढची पिढी होते. शेवटी मापं जमली. असे बरेच पाय एकाच दांड्याला जोडले, पण पुढेमागे. म्हणजे काही पावलं हवेत असताना काही जमिनीवर टेकलेली असतात.

आणि वारा पडला तर? काही प्राण्यांना पोट आहे! सरबताच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांचं. वाऱ्यानं पंख हलतात, पंखांनी पंप चालतात आणि बाटल्यांत हवा ठासून भरली जाते. मग त्या हवेवर थोडा वेळ चालता येतं. एकाला तर पाणीही कळतं. त्याची एक नळी जमिनीलगत हवा ओढत असते. तोंडाशी पाणी आलं की ओढ अडते आणि स्वारी मागं फिरते. मेंदू नसताना!

आता तुमची पाळी. जाड पुठ्ठ्यावर कागद ठेवून 8 सेंमी अंतरावर दोन टाचण्या खोचा. एकीवर 3 सेंमीची पट्टी अडकवा, दुसरीवर 8 सेंमीची. दोन्ही पट्ट्यांची मोकळी टोकं 9 सेंमीच्या तिसऱ्या पट्टीला टिचबटणांनी जोडा, सैलसर. (मापं भोकापासून भोकापर्यंतची हं!) तिसऱ्या पट्टीच्या मध्ये भोक पाडून पेन्सिल घाला आणि छोटी पट्टी गोल फिरवा. कागदावर कसला आकार उमटला? आता एखाद्या पट्टीची लांबी बदला, पुन्हा फिरवा. आकारही बदलला ना? खाली सपाट आणि वर फुगीर असा आकार कोणत्या मापांनी येतो, शोधा बरं. मित्रांशी पैज लावलीत तरी चालेल!